दस्ता आधी अंगाला, मग बंदुकीला

बेळगावात कुंदा म्हटलं की लोक मिठाईच्या दुकानाकडे बघतात. हिंदीत बंदुकीच्या लाकडी भागालाही कुंदाच म्हणतात. एकदा कॅम्पातला एक उत्तरेकडचा फौजी आमच्या दारात येऊन "कुंदा बनाते हो क्या" म्हणाला, तर आमच्या पोऱ्याने त्याला सरळ मिठाईवाल्याचा पत्ता दिला. तेव्हा आपण मराठीत दस्ता म्हणू, म्हणजे घोटाळा नको.

मी मूळचा सुतार. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्यांच्या हाताखाली दस्ते घडवण्यात निम्मं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक बहुतेक खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचं, थोडं चंदगडच्या अंगाचं. कुणाची आजोबांच्या वेळची एकनळी, कुणाची बारा बोअरची दुनळी, एखाद्याची तीनशेपंधरा रायफल. या माणसांना दस्ता चांगला दिसायला हवा असतो. मला तो आधी अंगाला बसायला हवा असतो. आमची सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

दस्त्याचं शास्त्र शिकारीतून आलंय. दिवसभर रानात बंदूक वागवायची आणि वेळ आली की एका दमात उचलून नेम धरायचा, यासाठी जे लागतं तेच त्यात आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पण भाताच्या, उसाच्या, रताळ्याच्या राखणीला रात्रभर माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याची गरज वेगळी नाही. डुक्कर पिकात शिरलं म्हणून लगेच बार टाकायचा नसतो, त्यालाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. मात्र बंदूक हातात आहे तोवर ती नीट बसलेली असावी. न बसलेली बंदूक भलतीकडेच लागते, आणि शेजारच्या माळ्यावरही माणूसच बसलेला असतो.

आधी कागद

हे थोडक्यात उरकतो. बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. म्हणून बंदूक गावच्या सुताराकडे ठेवायची नाही, ती परवानाधारकाच्या दुकानातच राहते. सुताराने लाकूड घडवावं, पण बसवणी त्या दुकानात बसून करावी. आपल्या परवान्यावर हद्द काय लिहिली आहे ती एकदा वाचा. घर कर्नाटकातल्या खानापुरात आणि शेत महाराष्ट्रातल्या चंदगडात अशी कितीतरी कुटुंबं आहेत. शेताच्या बांधाला राज्य कळत नाही, परवान्याला कळतं. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली झालं. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

आणखी एक. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा होतात. दस्त्याचं काम काढायला तो काळ धरू नका. अर्ध्यावर काम असताना बंदूक जमा करायची वेळ माझ्यावर आली आहे. परत आली तेव्हा ओलीत राहिलेल्या कच्च्या लाकडाला बुरशी धरली होती.

माप घेणं

या एका कामावर मी दोन दिवस घालवतो, आणि घालवायलाच हवेत.

बंदूक रिकामी आहे हे आधी मी बघतो, मग मालकाने बघायचं, मग नळीत बोट घालून पुन्हा मी. त्याआधी मापाची पट्टी हातात घ्यायची नाही.

लंडनचे जुने बंदूकवाले माप घ्यायला हलत्या सांध्यांची 'ट्राय गन' ठेवतात. माझ्याकडे प्लायवूडची आहे. पाऊण इंची प्लायमधून दस्त्याचा आकार कापलाय, मागे सरकती बूडपट्टी आहे, वरच्या कडेला गालाखाली सरकणारी फळी, आणि दोन्हींना पंखाचे नट. पुढे नळीऐवजी लोखंडी पाइप आणि त्यावर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, म्हणून खिळा. दिसायला खेळणं, पण शस्त्र नसल्याने गिऱ्हाइकाच्या अंगणातही नेता येते.

पहिलं माप लांबीचं, म्हणजे चापापासून बुडाच्या मध्यापर्यंतचं अंतर. कोपराच्या खोबणीत बूड टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायची जुनी रीत आहे. ती अंदाजाला ठीक, पण मान, छाती आणि खांदा यांचं तिला काही कळत नाही. खरं बघायचं ते नाक आणि अंगठा. बंदूक खांद्याला लावल्यावर मुठीवरचा अंगठा आणि नाक यांच्यात दोन ते तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. कमी राहिलं तर धक्क्याला अंगठा नाकावर येतो. जास्त राहिलं तर माणूस मान ताणून पुढे जातो आणि पाच मिनिटांत थकतो. विलायती बंदुका साधारण चौदा इंची येतात. आपल्याकडच्या साडेपाच फुटी माणसाला सव्वातेरा ते साडेतेरा पुरतात.

आता एका काकांची गोष्ट. पौषात जांबोटीकडून आले होते. "मिस्त्री, बार टाकला की गालफाड सुजतंय बघा." दुकानात टेरिकॉटच्या शर्टावर माप घेतलं तर साडेतेरा इंच अगदी चपखल. मला काही उमजेना. मग विचारलं, "काका, माळ्यावर काय पांघरून बसता?"

"घोंगडी की. आत सोटर, वर घोंगडी. थंडी काय म्हणतीया तिकडं!"

पुढच्या खेपेला घोंगडी घेऊन या म्हटलं. आले, पांघरून स्टुलावर बसले, माळ्यावर बसतात तसे गुडघे जवळ घेऊन, नजर खाली. प्लायवूडचा नमुना उचलला तर बूड घोंगडीच्या घडीत अडकलं आणि खांद्याऐवजी दंडावर बसलं. शिवाय बसून खाली बघताना माणसाची मान आपसूक पुढे येते. पट्टी सरकवत सरकवत शेवटी सगळं बसलं ते पावणेतेरावर. म्हणजे सहा सूत, पाऊण इंच, जास्तीचं लाकूड हा माणूस कित्येक थंड्या खांद्यावर वागवत होता. म्हणून माझा नियम असा आहे: ज्या कपड्यांत आणि ज्या बैठकीत बंदूक वापरायची, त्याच कपड्यांत आणि त्याच बैठकीत माप. पावसाळ्यात रेनकोट घालत असाल तर रेनकोट घालून या. लोक लग्नाला निघाल्यासारखे इस्त्री करून येतात.

लांबी माणसागणिक वेगळी लागते हे सैन्यालाही कळलं होतं. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीला चार लांबीचे दस्ते होते: लांब, नेहमीचा, आखूड आणि सगळ्यात लहान बँटम. एकेकात अर्ध्या इंचाचा फरक, आणि दस्त्यावर तसं अक्षर ठोकलेलं असायचं. लाखोंनी रायफली घडवणाऱ्यांना चार मापं ठेवावीशी वाटली, आणि आपण एका मापात गाव बसवतो.

दुसरं माप उतार. नळीवर एक सरळ पट्टी मागे धरायची आणि तिच्यापासून दस्त्याची वरची कड किती खाली आहे ते मोजायचं. गाल जिथे टेकतो तिथे एक आणि अगदी मागे टाचेपाशी, म्हणजे बुडाच्या वरच्या टोकाला, एक. साध्या माशीच्या बंदुकीला गालापाशी दीड इंच आणि टाचेपाशी दोन ते सव्वादोन इंच ही सुरुवात करायला बरी जागा. दुर्बीण बसवलेली असेल तर डोळा तेवढाच वर हवा, कारण दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्याहून साधारण दीड इंच वर असतो. जुन्या दस्त्यावर दुर्बीण चढवली की गाल हवेत राहतो आणि हनुवटीच तेवढी टेकते.

पारख सोपी आहे. डोळे मिटा, नमुना खांद्याला लावा, गाल टेकवा, सुखाने बसला असं वाटलं की डोळे उघडा. माशी डोळ्यासमोरच असली पाहिजे. शोधावी लागली तर दस्ता चुकला. माशी दिसत नसेल तर गालफळी वर करा, नळी तिरकी वर पळताना दिसत असेल तर खाली. हे दहादा करायचं, कारण पहिल्या चार वेळा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून स्वतःच मान वाकवून जुळवून घेतो.

काकांचा गाल सुजण्याचं दुसरं कारण या उतारात सापडलं. त्यांच्या जुन्या दस्त्याची पाठ गालापासून टाचेकडे फार उतरती होती. बार उडाला की बंदूक मागे येते आणि तोंडाकडून वर उचलते. पाठ मागे उतरती असेल तर मागे सरकताना तिचा उंच भाग गालाखाली येतो आणि गालाला खालून ठोसा बसतो. पाठ जवळपास सरळ ठेवली, टाच वर उचलली की हा ठोसा जातो. जर्मन पद्धतीच्या काही दस्त्यांत पाठ पुढे किंचित खाली आणि मागे वर असते, म्हणजे मागे येताना लाकूड गालापासून सुटत जातं. मला ती पद्धत आवडते. गिऱ्हाइकांना आवडत नाही, "कुबड आल्यागत दिसतंय" म्हणतात.

तिसरं, बाजूचा कल. उजव्या खांद्याच्या माणसाला दस्ता उजवीकडे किंचित वळलेला हवा, एक ते दोन सूत पुरे. रुंद चेहऱ्याला जास्त, सडपातळ माणसाला जवळजवळ काहीच नको. चौथं, बुडाचा तिरकेपणा. बूड नळीशी अगदी काटकोनात कापलं तर खालचं टोक छातीत रुतून बसतं. म्हणून खालची बाजू किंचित आत घ्यायची. पारखायला बंदूक बुडावर भिंतीला लावून उभी करा. नळीचा मागचा भाग भिंतीला टेकलेला असताना नळीचं तोंड भिंतीपासून दोन-तीन इंच सुटलं तर बारा बोअरला ठीक. आणि बूड रुंद ठेवा. अरुंद बूड देखणं दिसतं, पण तोच धक्का कमी जागेत घुसतो.

लाकूड

अक्रोड सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. हलकं, चिवट, पटाशीखाली लोण्यासारखं चालतं आणि पाणी-हवेला फारसं हलत नाही. ते आपल्याकडे काश्मीरहून येतं आणि महाग पडतं. इकडच्या माणसाला दांडेलीचा साग आणि खानापूरची शिसव जवळची. साग पावसाला टिकतो, पण त्यात तेल असल्याने सरस नीट धरत नाही, त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार मरते आणि पातळ जागी तो चिरतो. शिसव देखणी आणि मजबूत, पण जड. अक्रोडाचा दस्ता ९०० ग्रॅम भरत असेल तर त्याच आकाराचा शिसवीचा सव्वा किलोच्या घरात जातो.

जडपणा वाईटच असं नाही. तेच काडतूस तीन किलोच्या बंदुकीऐवजी साडेतीन किलोच्या बंदुकीतून उडालं तर धक्क्याची ऊर्जा साधारण सातव्या हिश्शाने कमी होते. माळ्यावर बसून राहणाऱ्याला शिसव चालेल. बांधाबांधाने तीन मैल फिरणाऱ्याला नाही. साग आणि शिसव वनखात्याच्या पासाशिवाय घेऊ नका. कुणीतरी "परड्यातलीच हाय" म्हणून आणून देतो आणि नंतर तुम्ही अडकता.

फळीत बघायचं ते रेषा. दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग म्हणजे मूठ, चापाच्या मागची. तिथे लाकडाची रेष मुठीच्या लांबीने सरळ गेली पाहिजे. तिरकी गेली तर एक दिवस बंदूक हातातून निसटेल आणि दस्ता तिथेच, त्याच रेषेवर मोडेल. नक्षीदार रेषा हव्या असतील तर त्या मागे बुडात येतील अशी फळी फिरवून घ्या. मी पुठ्ठ्याचा कातरलेला आकार फळीवर ठेवून अर्धा तास फिरवत बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्रीला काम नाही.

आणि वाळवण. एक इंच जाडीला एक वर्ष हा सुतारी हिशेब, म्हणजे अडीच इंची फळीला अडीच वर्षं. वाळली की नाही ते वजनाने कळतं. फळीच्या दोन्ही टोकांना मेण लावायचं, सावलीत आडवी ठेवायची, दर आठवड्याला तोलून फळीवरच पेन्सिलीने लिहायचं. महिनाभर आकडा हलला नाही की घ्या. हे मी चुकून शिकलो. सुरुवातीला एका वखारीतून 'पक्की वाळलेली' म्हणून शिसव घेतली आणि मार्चात दस्ता बसवला. जुलैत कणकुंबीच्या पावसात लाकूड आडवं फुगलं आणि नळीला एका बाजूने दाबायला लागलं. नेम वीतभर डावीकडे. दोष वखारीचा तितकाच माझा, कारण तराजू माझ्या घरात होता.

घडवणं आणि बसवणं

आधी बसवायचं, मग घडवायचं. नवखा उलट करतो. फळी चौकोनी आहे तोवर शिकंजात घट्ट धरता येते आणि मध्यरेषा शाबूत असते. बंदुकीचं लोखंड लाकडात उतरलं की मगच बाहेरचं लाकूड काढायला घ्या.

लोखंडाला चिमणीची काजळी तेलात कालवून पातळ हात द्यायचा, ते खाचेत टेकवून हलकेच दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथलंच, आणि तेवढंच, गोल पटाशीने कातरायचं. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणं. एका बंदुकीला हे शंभर-दीडशे वेळा होतं. घाई केली तर खाच ढिली होते आणि ढिली खाच कशानेही पूर्वीसारखी होत नाही.

इथे दोन जागा जपायच्या. बोल्टच्या रायफलीत खाली एक लोखंडी टाच असते, धक्का तिच्यातून लाकडावर येतो. त्या टाचेची मागची बाजू लाकडाला सबंध टेकली पाहिजे. पुढे, बाजूंना आणि खाली मात्र पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. धक्का खाणारी ही मागची भिंत आता बहुतेक जण इपॉक्सीने भरून घट्ट करतात, मीही करतो. त्यात कमीपणा नाही. दुसरी जागा मुठीवर येणारी लोखंडी शेपटी. तिच्या मागे अर्धा-एक मिलिमीटर मोकळं सोडायचं. ती लाकडाला चिकटून बसली तर प्रत्येक बार पाचरीसारखा मूठ फाडत जातो. माझ्याकडे येणारे निम्मे फाटलेले दस्ते इथेच फाटलेले असतात.

ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलींचा दस्ता दोन तुकड्यांत असतो. मागचा तुकडा आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने कसलेला असतो. जुन्या बनावटीत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच मागचा बोल्ट फिरवायचा. हे ठाऊक नसलेल्याने स्क्रू-ड्रायव्हर घातला की पुढचं लाकूड तडकन फुटतं.

नळीखालच्या लाकडाबद्दल दोन मतं आहेत. आजच्या बहुतेक बोल्ट रायफलींना नळी मोकळी सोडतात, म्हणजे कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून सरकली पाहिजे. आमच्या पावसाळी भागात हेच बरं, लाकूड फुगलं तरी नळीला शिवत नाही. मात्र ली-एनफिल्डची घडण पुढच्या टोकाशी दाब धरून केलेली असते. तिथे आपली अक्कल चालवू नये.

बाहेरच्या आकारात मूठ महत्त्वाची. घेर साडेचार ते पाच इंच, हात बघून. बोटाचं पेर चापावर सरळ पडलं पाहिजे, बोट लाकडाला घासत असेल तर तिथे खोलगट करा. मी मूठ मुद्दाम दोन सूत जाड ठेवून देतो, गिऱ्हाइकाला तास-दोन तास हातात धरायला लावतो, आणि जिथे बोचतं तिथे त्यालाच पेन्सिलीने खूण करायला सांगतो. पुढचं लाकूड थोडं चपटं ठेवा, माळ्याच्या कठड्यावर टेकवलं की लोळत नाही. पट्ट्याच्या कड्या दस्त्याच्या खालच्या बाजूलाच बसवा. माळ्यावर बंदूक घेऊन चढू नका. आधी रिकामी करा, दोरीने वर घ्या.

तेल

लाकूड घासून गुळगुळीत झालं की ओलं फडकं फिरवा. रेषा उठतील. वाळल्यावर बारीक काचपेपर मारा. तीनदा असं केलं की पहिल्या पावसात दस्ता खरबरीत होत नाही. मग उकळलेलं जवसाचं तेल, आमच्याकडे अळशीचं म्हणतात. चार थेंब घेऊन तळहाताने चोळायचं, हात गरम होईपर्यंत. दिवसाला एक हात, असे बारा-पंधरा. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ धरतो. बुडाखालचं उघडं टोक आणि नळीची खाच यांना दुप्पट तेल द्या, पाणी तिथूनच आत शिरतं. बाहेरून आरशासारखा आणि आतून कोरडा असा दस्ता दर पावसाळ्यात परत येतो.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चोळामोळा फडकी आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळत घाला.

मुठीवर जाळी कोरायची तर इंचाला अठरा-वीस रेषा पुरे. त्याहून बारीक जाळीत घाम आणि चिखल बसतो.

शेवटी परवानगी असलेल्या रेंजवर नेऊन दहा-बारा बार. खांद्यावर वळ उठला तर कुठे उठला ते बघा. दंडाकडे असेल तर लांबी जास्त, छातीकडे टोकाची खूण असेल तर बुडाचा तिरकेपणा कमी. एका पावसाळ्यानंतर स्क्रू पुन्हा तपासायचे, लाकूड थोडं बसलेलं असतं.

काका मार्गशीर्षात तेवढ्यासाठी आले. गाल शाबूत होता. सोबत मुलगा होता, परवान्यासाठी अर्ज केलेला. नमुना सहज त्याच्या हातात दिला, तर त्याने तो डाव्या खांद्याला लावला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याचं आता काय करायचं, मिस्त्री?" मी पंखाचे नट सैल केले आणि म्हटलं, "घोंगडी आणलीय का?"